वाचक विचारतात : कातकामाची हत्यारं घरीच बनवायची तर

मागच्या अंकात घरच्या छोट्या लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर, लाटणं आणि लाकडी वाटी कशी कातायची ते लिहिलं होतं, आणि जाताजाता म्हटलं होतं की यातली निम्मी हत्यारं घरी बनवता येतात. त्या एका वाक्यावरच इतके प्रश्न आले की या वेळचं सदर अख्खं त्यालाच दिलंय. काही प्रश्न सारखेच होते, ते एकत्र केलेत.

प्रश्न : दादा नमस्कार. आजोबांच्या वेळच्या जुन्या कानशी घरात पडून आहेत, दात गेलेत पण लोखंड एक नंबर आहे. ग्राइंडरवर तोंड गोल करून स्क्रेपर (लाकूड खरवडायचं हत्यार) बनवला तर चालेल ना? व्हिडिओत तर सगळे तसंच करतात. (मिरज)

चालेल, पण व्हिडिओत दाखवतात तसं नुसतं तोंड गोल करून नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त जणांनी विचारलाय म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कानस म्हणजे भरपूर कार्बनचं पोलाद, साधारण एक ते सव्वा टक्का, आणि कारखान्यात तिला पाणी दिलेलं असतं, म्हणजे लाल तापवून एकदम गार करून कडक केलेलं असतं, ते दुसरं लोखंड घासायला. म्हणजे प्रचंड कडक आणि तितकीच ठिसूळ, फरशीवर पडली तर कधीकधी सरळ दोन तुकडे. घासायच्या कामात तिला झटका बसत नाही म्हणून तो ठिसूळपणा खपून जातो. लेथवर सगळं उलटं. वाटीचा ओंडका हजार आरपीएमनं (मिनिटाला हजार फेऱ्या) फिरतोय, हत्यार टूल रेस्टच्या, म्हणजे ते टेकवायच्या आडव्या पट्टीच्या, पुढे तीन-चार सेंटीमीटर बाहेर आलंय, आणि लाकडानं अचानक टोक धरलं की तो सगळा झटका रेस्टवर टेकलेल्या जागी येतो. तिथे नेमकी दाताची खाच असेल तर चीर तिथूनच जाते, आणि पुढचा तुकडा कुठे उडेल हे आपल्या हातात नसतं. कातताना तुमचा चेहरा लेथच्या जवळच असतो, एवढं लक्षात ठेवा.

आता करायचंच असेल तर आधी ती कानस आरपार पोलादाची आहे का बघा. स्वस्तातल्या काही कानशी साध्या लोखंडाच्या असतात, फक्त वरची कातडी कडक केलेली, ती घासली गेली की आत मऊ. ग्राइंडरला जरा लावा आणि ठिणग्या बघा. भरपूर कार्बन असेल तर ठिणग्या पांढऱ्या-पिवळ्या आणि टोकाला फुलबाजीसारख्या फुटतात, साध्या लोखंडाच्या सरळ लांब रेघा जातात, फुटणं कमी. मग वरची कातडी निघेपर्यंत घासून तिथे दुसरी चांगली कानस चालवून बघा, नुसती घसरली तर आत कडक, चावली तर मऊ, ती बाजूला ठेवा.

मग दात काढा, वरचे, खालचे, कडेचे सगळे. रेस्टवर बसणारी बाजू बोट फिरवल्यावर काही लागणार नाही इतकी गुळगुळीत हवी, नाहीतर ते दात रेस्टवर खाचा पाडतात आणि हत्यार सरकवताना अडकतं. हे घासताना दर थोड्या वेळानं पाण्यात बुडवत राहा, कारण कार्बनचं पोलाद आहे, निळं पडलं की तिथला कडकपणा गेला.

खरं काम यानंतर. एक बाजू पॉलिश पेपरनं चकाचक करा आणि शेपटीकडून, म्हणजे मुठीत घुसते त्या निमुळत्या टोकाकडून, गॅस टॉर्चनं सावकाश तापवा. चकचकीत भागावर रंग पळताना दिसतात, आधी फिकट पिवळा, तो सव्वादोनशे डिग्रीच्या आसपास, मग तपकिरी, मग जांभळा, मग तीनशेच्या जवळपास निळा. आपल्याला मागचं सगळं अंग निळं पाहिजे आणि तोंडाकडचा दोन-अडीच सेंटीमीटर भाग फिकट पिवळा. म्हणून पिवळा तोंडाशी पोचला रे पोचला की तोंडाकडून पाण्यात. निळा भाग चिवट होतो, झटका सोसतो, आणि पिवळा भाग धार धरतो. शेपटी जिथे अंगाला जुळते तिथला आतला कोपरा टोकदार असेल तर तोही गोल करून घ्या, मोडण्याची दुसरी आवडती जागा तीच.

सहा मिलिमीटरपेक्षा पातळ कानस असेल तर वाटीच्या आत घालायचा विचारच नको. आणि एवढं सगळं करून जे हत्यार मिळतं ते ठीकठाक असतं, धार लवकर जाते. आजोबांची आठवण म्हणून करत असाल तर जरूर करा, पैसे वाचवायला करत असाल तर पुढचं उत्तर वाचा.

प्रश्न : एचएसएस, एचएसएस सगळेच म्हणतात. त्यात एवढं काय आहे आणि त्यापासून घरी हत्यार कसं बनवायचं? भट्टी लागते का? (नाशिक)

भट्टी लागत नाही, हाच तर त्याचा मोठा फायदा.

एचएसएस म्हणजे हाय स्पीड स्टील, आणि त्यातला हाय स्पीड हा धातू कापायच्या लेथचा, आपल्या लाकडाच्या लेथचा नाही. १९०० च्या आसपास अमेरिकेत बेथलेहेम स्टील कंपनीत टेलर आणि व्हाइट या दोघांनी टंगस्टन घातलेलं पोलाद खूप जास्त तापवून पाणी द्यायची रीत शोधली आणि १९०० सालीच पॅरिसच्या प्रदर्शनात लोकांनी बघितलं की हत्यार तापून लाल झालंय तरी लोखंड कापतंच आहे. आज आपल्याला बाजारात सर्रास मिळतं ते एम-२, त्यात साधारण सहा टक्के टंगस्टन, पाच टक्के मॉलिब्डेनम, चार टक्के क्रोमियम, दोन टक्के व्हॅनेडियम. त्याचं टेंपरिंगच, म्हणजे पाणी दिल्यावर ठिसूळपणा कमी करायला परत तापवणं, साडेपाचशे डिग्रीच्या आसपास केलेलं असतं, त्यामुळे घरच्या ग्राइंडरवर जरा निळं पडलं तरी त्याला काही होत नाही. कार्बनचं पोलाद तेवढ्यात मऊ झालं असतं.

दुकानात 'टूल बिट' मागा, मशीन शॉपवाले धातूच्या लेथला लावतात ती चौकोनी कांडी, आधीच कडक केलेली. पुण्यात बोहरी आळी, मुंबईत नागदेवी स्ट्रीट, कोल्हापुरात उद्यमनगर, कुठेही मिळेल. तुमच्याकडे सातपूर, अंबडच्या एमआयडीसीत कुणी ओळखीचं असेल तर वापरून आखूड झालेल्या कांड्या मिळतात, त्यांच्या कामाच्या नसतात, आपल्याला पुरतात.

आता ती कांडी धरायची कशात? सोळा मिलिमीटरचा साधा माइल्ड स्टीलचा गोल बार घ्या, तोंडाकडून लांबीच्या दिशेनं सरळ भोक पाडा, कांडी आत घाला आणि बाजूनं आटे पाडून दोन ग्रब स्क्रूनं (बिनडोक्याच्या स्क्रूनं) आवळा. चौकोनी भोक पाडायची गरज नाही, सहा मिलिमीटरची चौकोनी कांडी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत साडेआठ मिलिमीटर भरते, म्हणून साडेआठचं गोल भोक, त्यात ती नेमकी बसते. कांडी निदान तीन-चार सेंटीमीटर आत गेली पाहिजे. तोंड हवं तसं घासा, गोल, तिरकं, चौकोनी, स्क्रेपर म्हणून वापरायचं तर खालून दहा-पंधरा डिग्रीचा उतार पुरे. एकाच बारमध्ये वेगवेगळ्या तोंडाच्या कांड्या बदलून वापरता येतात.

एक सावधगिरी. जुन्या ड्रिल बिटचं हत्यार करायला जाल तर तिचं कापायचं अंग कडक असतं पण चकमध्ये धरायचा दांडा बऱ्याचदा मऊ असतो, धार नेमकी त्या टोकाला काढू नका.

प्रश्न : घराच्या स्लॅबचे टीएमटी सळईचे तुकडे उरलेत, मस्त जाड आहेत. पटाशी होईल का? (बीड)

नाही. सळईत कार्बन पाव टक्क्याच्या आसपास, तिला कितीही पाणी द्या, धार धरण्याइतकी कडक होतच नाही. कार्बाइडच्या हत्याराचा, म्हणजे ज्याच्या टोकाला कार्बाइडची छोटी कडक चकती (इन्सर्ट) स्क्रूनं बसवतात त्याचा, दांडा म्हणूनही नको, वरच्या नक्षीमुळे रेस्टवर नीट सरकत नाही. बागेत काकडीच्या वेलाला आधार करा.

ट्रकच्या पाट्याच्या स्प्रिंगबद्दलही दोघा-तिघांनी विचारलंय. ते पोलाद सळईपेक्षा पुष्कळ चांगलं, कोयता आणि कुऱ्हाडीला उत्तम, झटका सोसतं, पण त्यात कार्बन अर्ध्या टक्क्याच्या थोडाच वर असतो त्यामुळे लेथवर त्याची धार फार टिकत नाही. फुकट मिळत असेल तर जाड स्क्रेपर करून बघा, मुद्दाम विकत घेऊ नका.

प्रश्न : सर, कार्बाइड इन्सर्टचं हत्यार घरी बनवलं, बारा मिमीचा चौकोनी बार, गोल इन्सर्ट. पण कापताना नुसतं थरथरतं आणि दोनदा स्क्रू तुटला. इन्सर्ट खराब आहेत का? (पुणे)

इन्सर्ट बहुतेक बरोबर आहेत, बैठक चुकलीय. तुम्ही पाठवलेल्या फोटोत बारचं नाक इन्सर्टच्या खाली पार कडेपर्यंत आलेलं दिसतंय, म्हणजे लाकूड इन्सर्टला लागायच्या आधी किंवा लागताक्षणी बारला घासतंय, म्हणून थरथर. नाक खालून तिरकं घासून काढा, वरून बघितलं तर इन्सर्टची कड बारच्या सगळीकडून दीड-दोन मिलिमीटर बाहेर दिसली पाहिजे आणि खालून बघितलं तर बार मागे मागे जात गेला पाहिजे.

स्क्रू तुटण्याचं कारण वेगळं. इन्सर्ट ज्या खाचेत बसतो तिचा तळ सपाट नसला की इन्सर्ट एका बाजूला टेकतो, दुसरीकडे अधांतरी, आणि प्रत्येक झटका स्क्रूवर. स्क्रूचं काम इन्सर्ट खाली दाबून धरायचं, मागे सरकणं थांबवायचं काम खाचेच्या मागच्या भिंतीनं करायला पाहिजे. ती भिंत गोल इन्सर्टला गोलच घासायला हवी असं नाही, दोन ठिकाणी टेकला तरी बास, पण टेकला पाहिजे. तळावर मार्करची शाई लावा, इन्सर्ट ठेवून फिरवा, शाई जिथे पुसली जाते ते उंचवटे, ते बारीक कानशीनं उतरवा, परत शाई लावा. कंटाळवाणं काम आहे पण याला दुसरा रस्ता नाही.

स्क्रू एम-४ असेल तर भोक ३.३ मिमीचं पाडून मग आटे पाडायचे. तीनच्या ड्रिलनं भोक पाडून टॅप (आटे पाडायचं हत्यार) जोर लावून घातला की टॅप मोडतो आणि मोडलेला टॅप त्या भोकातून काढण्यापेक्षा नवा बार घेणं सोपं. टॅप अर्धा आटा पुढे, पाव आटा मागे असा फिरवा, कटिंग ऑइल नसेल तर खोबरेल तेल चालतं. भोक इन्सर्टच्या मध्यापेक्षा अगदी किंचित, केसभर मागे पाडलं तर स्क्रू आवळताना इन्सर्ट आपोआप मागच्या भिंतीला चिकटतो. इन्सर्ट घेताना त्याच्याबरोबर त्याचेच चार-पाच स्क्रू जास्तीचे घ्या, ते टॉर्क्सच्या (चांदणीच्या आकाराच्या) तोंडाचे असतात आणि हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा साधा स्क्रू त्यात नीट बसत नाही.

दांड्याला माइल्ड स्टील पुरतं, तिथे भारी पोलाद लागत नाही. कापताना हत्यार आडवं, सपाट, टोक सेंटरच्या, म्हणजे लाकूड ज्या आसाभोवती फिरतं त्याच्या, उंचीला. आणि अपेक्षा जरा कमी ठेवा, कार्बाइड शेवटी खरवडतं, चांगल्या धारेच्या गाऊजनं (पन्हळीसारख्या खोलगट पटाशीनं) जसा कापलेला पृष्ठभाग येतो तसा यातून येत नाही, शंभर नंबरच्या पेपरपासून सुरुवात करावी लागते. बोथट झालेला इन्सर्ट आधी फिरवून नवी कड पुढे घ्या, सगळी कड संपली की वरची सपाट बाजू डायमंड प्लेटवर पाणी लावून घासा. कोरडं घासून ती धूळ छातीत घेऊ नका, त्यात कोबाल्ट असतो.

प्रश्न : पार्टिंग टूलला (अरुंद खाच पाडून लाकूड वेगळं करायच्या हत्याराला) बाजारात फार पैसे मागतात. काही जुगाड? (सोलापूर)

आहे, आणि यात कमीपणा काही नाही. फॅब्रिकेशनवाल्याकडे पॉवर हॅक्सॉची, म्हणजे लोखंड कापायच्या मोटरच्या करवतीची, मोडकी ब्लेड मागा, दोन मिलिमीटर जाडीची, पूर्ण एचएसएसची. पूर्ण म्हणतोय कारण हल्ली बायमेटल ब्लेड येतात, त्यात फक्त दातांची कड एचएसएसची आणि मागचं अंग साध्या स्प्रिंग पोलादाचं. ठिणग्यांनी कळतं, दातांकडच्या आणि पाठीकडच्या ठिणग्या सारख्याच मंद लालसर असतील तर पूर्ण एचएसएस, पाठीकडच्या उजळ फुटत असतील तर बायमेटल.

दात घासून काढा, पुढचं तोंड दोन्हीकडून तिरकं करून साधारण पन्नास डिग्रीचं टोक करा, मागे लाकडाच्या दोन पट्ट्या रिव्हेटनं बसवा. भोकं पाडायला साधं ड्रिल चालणार नाही, ब्लेडला आधीचं जे टोकाचं भोक असतं तेच वापरा, नाहीतर पट्ट्यांमध्ये खाच करून अरल्डाइटनं चिकटवा. पातळ असल्यामुळे खोल कापताना खाच हत्याराच्या जाडीपेक्षा थोडी रुंद ठेवा, म्हणजे एकदा कापून थोडं बाजूला सरकून परत, नाहीतर लाकूड तापून हत्याराला आवळतं. आणि हे हत्यार ठिसूळ आहे, बाजूनं पिरगळू नका.

प्रश्न : मला ओएचएनएसची पट्टी मिळाली आहे, तिच्यापासून छोटी स्क्यू (तिरक्या धारेची सपाट पटाशी) बनवायची आहे. आमच्याकडे आता लोहार उरला नाही. पाणी द्यायचं काम घरीच करता येईल का? बेकिंगचा ओव्हन आहे. (मडगाव)

ताई, अगदी करता येईल, आणि तुम्ही पोलाद बरोबर निवडलंय. ओएचएनएस म्हणजे तेलात पाणी देण्याचं पोलाद, पाण्यात टाकलं तर चिरा जाण्याची भीती. दुकानातून येतं तेव्हा मऊ असतं, म्हणून आकार, भोकं, घासणं सगळं आधी उरकून घ्या. फक्त धार पूर्ण काढू नका, टोकाला मिलिमीटरभर जाडी ठेवा, पातळ कडेचा कार्बन भट्टीत जळतो आणि ती वाकडीही होते.

भट्टी म्हणजे चार फायर ब्रिकची पेटी आणि गॅस टॉर्च, एवढ्या छोट्या हत्याराला पुरे. संध्याकाळी किंवा सावलीत करा, उन्हात पोलादाचा रंग कळतच नाही आणि माणूस गरजेपेक्षा जास्त तापवतो. फक्त पुढचा चार-पाच सेंटीमीटर भाग तापवायचा, शेपटी मऊच राहू दे. तारेला बांधलेलं चुंबक जवळ ठेवा, लाल झालेल्या पोलादाला ते चिकटायचं थांबलं की तिथून अजून थोडं पुढे न्यायचं, नारिंगीकडे झुकणारा लाल, आठशे डिग्रीच्या जवळपास, आणि त्या रंगावर काही मिनिटं धरून ठेवायचं. मग उभं, सरळ, तेलात. तिरकं घातलं की वाकतं. आत गेल्यावर वर-खाली हलवा, डावीउजवीकडे नाही.

तेल शेंगदाण्याचं किंवा सोयाबीनचं, हात लावला तर चांगलं गरम लागेल इतकं तापवून. वापरलेलं इंजिन ऑइल कुणी सांगितलं तर ऐकू नका, तो धूर चांगला नाही. भांडं लोखंडी, खोल, आणि त्याला बसणारं झाकण हाताशी हवंच, कारण तेल पेटतं. पेटलं तर झाकण ठेवायचं, पाणी टाकायचं नाही. स्वयंपाकघरात हे काम नको, अंगणात करा.

बाहेर काढल्यावर जुनी कानस चालवून बघा, घसरली तर जमलं. आता मात्र ते काचेइतकं ठिसूळ आहे, तसंच ठेवून झोपायला जाऊ नका, त्याच दिवशी ओव्हनमध्ये दोनशे डिग्रीला तासभर, थंड होऊ द्या, परत तासभर. घरच्या ओव्हनचा काटा वीस-तीस डिग्री इकडेतिकडे दाखवतो, म्हणून आत वेगळा थर्मामीटर ठेवा. तेल आधी पूर्ण पुसून घ्या म्हणजे पुढच्या केकला वास येणार नाही. चकचकीत केलेला भाग फिकट पिवळा झाला की बरोबर. स्क्यूची धार दोन्ही बाजू मिळून तीस डिग्रीच्या आसपास ठेवा, आणि ग्राइंडरवर जपून, हे एचएसएस नाही.

प्रश्न : एकदा दांडा बनवता यायला लागला की बाऊल गाऊज पण घरीच का नको? आणि स्पिंडल रफिंग गाऊजनं वाटी कातली तर काय बिघडतं? (ठाणे)

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी : कातू नका. रफिंग गाऊज बहुतेक वेळा जाड पट्टी वाकवून केलेला असतो, पुढे रुंद तोंड आणि मुठीत घुसते ती शेपटी मात्र बारीक चपटी. लांब लाकूड गोल करायला तो झकास, पण वाटीत दर फेरीला दोनदा लाकडाच्या उभ्या रेषा कापाव्या लागतात, तिथे टोक धरलं की शेपटी मुठीपाशी वाकते किंवा मोडते. यात माणसं जखमी झालेली आहेत.

आणि बाऊल गाऊज विकत घ्या. गोल एचएसएस बारमध्ये ती खोल पन्हळ मिलिंग मशीननं काढतात, तिचा आकार चुकला तर धार कुठल्याही कोनात काढा, पंख, म्हणजे धारेच्या दोन बाजू, नीट येत नाहीत. घरी अँगल ग्राइंडरनं पन्हळ काढणारे आहेत, पण त्या वेळात आणि चकत्यांच्या खर्चात बाजारातला बरा गाऊज येतो. माझं सरळ मत असं की स्क्रेपर, पार्टिंग टूल, कार्बाइडचं हत्यार, छोटी पोकळ करायची वाकडी हत्यारं आणि सगळ्या मुठी घरी, दोन गाऊज दुकानातून.

प्रश्न : आमच्याकडचे जुने कातारी लोहाराकडून पटाश्या करून घ्यायचे आणि त्यावर आयुष्य काढायचे. तुम्ही एचएसएस आणि कार्बाइडचं एवढं कौतुक करता, मग त्यांचं कसं भागायचं? (सावंतवाडी)

छान प्रश्न, आणि सावंतवाडीहूनच यायला हवा होता. भागायचं कारण कमी वेग. जुना लेथ हातानं, दोरीनं किंवा कमानीनं फिरायचा, लाकूड एकदा अंगाकडे, एकदा उलटं, आणि कापायचं ते फक्त अंगाकडे फिरत असताना. जमिनीवर बसून, हातानं हत्यार धरून आणि पायाच्या बोटांचा आधार देऊन. त्या वेगाला धार तापायचा प्रश्नच नव्हता, आणि लाकूडही पांगारा, आंबा असलं मऊ. तिथे लोहारानं तोंडापुरतं पाणी दिलेलं कार्बनचं पोलाद उत्तम चालतं, उलट त्याला एचएसएसपेक्षा बारीक धार येते आणि दगडावर दोन हात मारले की परत तयार.

मोटर आली, वेग वाढला, लोक शिसव आणि वाळलेली बाभूळ कातायला लागले, तिथे ती पटाशी मागे पडली. लाखेच्या कामात मात्र धारेचं काम आधीच संपलेलं असतं, पुढे लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबली की घर्षणानं वितळून बसते, वर केवड्याचं पान धरून चकाकी आणतात, कर्नाटकात लाकडी खेळण्यांच्या चन्नपट्टणमध्येही हेच. तुमच्याकडे एखाद्या घरात अशी जुनी पटाशी असेल तर ग्राइंडरला लावू नका, दगडावरच पाजवा. पाणी दिलेला भाग तोंडाशी थोडाच असतो, ग्राइंडरवर तो एका दुपारी संपेल.

प्रश्न : मुठीला कोणतं लाकूड, किती लांब, आणि भोक सरळ कसं पाडायचं? माझं नेहमी तिरकं जातं आणि हत्यार मुठीतून वाकडं निघतं. (अमरावती)

भोक आधी, मूठ नंतर. चौकोनी ठोकळ्याला टोकाकडून भोक पाडा, जरा तिरकं गेलं तरी जाऊ दे. मग त्या भोकातच टेलस्टॉकचं (लेथच्या दुसऱ्या टोकाच्या आधाराचं) फिरतं सेंटर घालून ठोकळा लेथवर लावा. आता भोक हाच आस झाला, त्याच्याभोवती मूठ गोल केली की हत्यार सरळच निघणार. खोली निदान शेपटीइतकी, कार्बाइडच्या बारला आठ-दहा सेंटीमीटर.

लाकूड धावडा मिळाला तर त्याच्यासारखं नाही, कुऱ्हाडीचे दांडे त्याचेच करतात. बाभूळ चालते, टिकावाचा मोडका दांडा चालतो. रेषा लांबीला सरळ हव्यात, गाठ नको. पार्टिंग टूलसारख्या हलक्या हत्याराला पंचवीस-तीस सेंटीमीटर मूठ, वाटीच्या आत जाणाऱ्या हत्याराला चाळीस-पंचेचाळीस, कारण रेस्टच्या पुढे हत्यार जितकं बाहेर तितकी मागे हाताला तरफ लागते.

तोंडाला शेंबी, म्हणजे धातूची कडी, लागतेच, नाहीतर पहिल्याच झटक्यात लाकूड चिरतं. एसी दुरुस्त करणाऱ्याकडे तांब्याच्या नळीचे तुकडे असतात, बावीस मिलिमीटरची नळी झकास, अडीच सेंटीमीटरचा तुकडा कापा, मुठीचं टोक त्याला घट्ट बसेल असं किंचित निमुळतं काता आणि ठोकून बसवा. काही जण मुठीऐवजी जीआय पाइप वापरतात, वापरा, पण त्याला वेल्डिंग करायचं असेल तर आधी वरचं जस्त पूर्ण घासून काढा, त्याचा धूर घेतला की रात्री थंडी वाजून ताप भरतो.

प्रश्न : ग्राइंडरवर एचएसएस तापलं की पाण्यात बुडवायचं का? आणि करडा दगड चालेल की पांढराच पाहिजे? (जळगाव)

एचएसएस लाल-निळं तापलेलं असताना गार पाण्यात बुडवू नका, धारेला बारीक चिरा जातात, मग ती धार दाणे दाणे होऊन गळते. हाताला चटका बसायला लागला की थांबा, हवेत गार होऊ द्या. बुडवायचं ते कार्बनचं पोलाद, आणि ते तापायच्या आधी, सतत.

करडा दगड चालतो पण लवकर चकाकतो आणि मग कापायच्या ऐवजी तापवतो, पांढरा ॲल्युमिनियम ऑक्साइडचा साठ किंवा ऐंशी नंबरचा घेतलात तर फरक लगेच कळेल. नवा दगड बसवण्याआधी बोटात लटकवून लाकडी मुठीनं हलकी टिचकी मारा, खणखणीत आवाज आला तर चढवा, बद्द आला तर आत चीर आहे, दुकानदाराला परत द्या. सहा इंची ग्राइंडर आपल्याकडे अठ्ठावीसशेच्या वर आरपीएमनं फिरतो, त्यामुळे सुरू केल्यावर मिनिटभर बाजूला उभं राहायचं, समोर नाही. गॉगल घालायचा, हातमोजे काढायचे, आणि दगडाच्या बाजूच्या सपाट अंगावर काहीही घासायचं नाही.